वनखात्याच्या कचेरीत नवे असाल तर: बेळगाव-खानापूरकडच्या मराठी सहाय्यकासाठी

सकाळी दहाला कचेरी उघडते आणि पहिला माणूस आत येतो तो बहुतेक वेळा मोबाईल पुढे धरूनच. "सायेब, बघा की, रात्री गवं घुसलं हुतं उसात." फोटोत आडवा पडलेला ऊस, चिखलात खुरं आणि कोपऱ्यात त्याचंच बोट. हा माणूस तुमच्याशी मराठीत बोलतो. त्याचा पंचनामा कन्नडमध्ये होतो, संगणकावरची नोंद निम्मी कन्नड निम्मी इंग्रजी असते, मंजुरी बेळगावात मिळते आणि पैसे खजिन्यातून सुटतात. भाषा आणि टेबलं बदलत जाताना वाटेत काहीतरी सांडतंच: नावातला एखादा काना, सर्वे नंबरचा पोटहिस्सा, अक्षांशातला एक आकडा. ते सांडू न देणं हेच आपलं काम. गार्डचं धाडस पेपरात छापून येतं, आपलं टंकन येत नाही. चालायचंच.

मी द्वितीय दर्जा सहाय्यक म्हणून लागलो, वलयाच्या आणि विभागाच्या अशा दोन्ही कचेऱ्यांत खुर्च्या झिजवल्या. आता नवीन पोरं-पोरी लागली की कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवतं. त्यांना दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पहिला दिवस: आपण कुठं बसलोय?

उतरंड बाहेरून अवघड वाटते, पण फायलीच्या वाटेनं चाललं की सोपी आहे. सगळ्यात खाली गस्त, म्हणजे गार्डची हद्द. त्यावर शाखा, तिथं फॉरेस्टर. त्यावर वलय, तिथं आरएफओ (वलय वनाधिकारी). मग उपविभागाला एसीएफ (सहायक वनसंरक्षक), विभागाला डीसीएफ (उपवनसंरक्षक), वृत्ताला सीसीएफ (मुख्य वनसंरक्षक) आणि शेवटी बेंगळूरला मल्लेश्वरमचं अरण्य भवन. वन्यजीवांच्या बाबतीतले मोठे निर्णय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव पालकांकडे जातात, तेही तिथंच बसतात.

आपल्या भागात घोळ होतो तो शेजाऱ्यांमुळे. भीमगड अभयारण्य, १९०.४२ चौरस किलोमीटर, २०११ साली जाहीर झालं, ते खानापूर तालुक्यात म्हणजे बेळगाव विभागाकडे. त्याला लागून दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प. त्याचं नाव २०१५ पर्यंत दांडेली-अणशी होतं, जुन्या फायलींत तेच सापडेल. त्याचा कारभार दांडेलीतून चालतो. घटप्रभा पक्षी अभयारण्य गोकाककडे. भुतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाखाली येतं, आणि ते प्राधिकरण म्हैसूरला. पश्चिमेला डोंगर उतरलं की गोव्याचं म्हादई अभयारण्य, वायव्येला चंदगड म्हणजे महाराष्ट्राचा कोल्हापूर वनविभाग. गव्याला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून टपालातलं प्रत्येक पत्र हातात घेतलं की पहिला प्रश्न एकच: घटना कुणाच्या हद्दीत घडली? नकाशावर वलयाच्या सीमा छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. पहिल्याच आठवड्यात. निम्मी चुकीची पत्रं तिथंच थांबतील.

कन्नड: भ्यायचं कारण नाही, गाफील राहायचंही नाही

राज्याची राजभाषा कन्नड, कामकाज कन्नडमध्ये. भरतीच्या वेळची सक्तीची कन्नड परीक्षा तुम्ही पार केलेली असते, पण ती परीक्षा वेगळी आणि टिप्पणी वेगळी. तरी मराठी माणसाला इथं निम्मी शिदोरी घरूनच मिळालेली असते. कडत म्हणजे फाईल, टिप्पणी म्हणजे टिप्पणीच. हुद्दे म्हणजे हुद्दा, ठरावु म्हणजे ठराव, मंजूरु, खजाने, कचेरी, अर्जी, गस्तु. कर्मचाऱ्यांना सिब्बंदी म्हणतात, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली शिबंदी आठवते. पंचनाम्याला महजरु म्हणतात, पण बेळगाव-धारवाडकडे पंचनामे म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

फसवतात ते सारखे दिसणारे शब्द. अर्जावर 'व्यवसाय' असा रकाना दिसला की आपण दुकानदारी, नोकरी शोधायला लागतो. कन्नडमध्ये व्यवसाय म्हणजे शेती. 'अनुमान' म्हणजे संशय. एखाद्या शेतकऱ्याबद्दलच्या गार्डच्या अहवालात 'अनुमान' आला असेल तर गार्डनं अंदाज बांधलेला नाही, त्याला शंका आहे. दोन्हींत फरक फार.

त्याहून वाईट म्हणजे ऱ्हस्व आणि दीर्घ ए. देवनागरीत आपल्याला एकच ए ठाऊक. कन्नडला दोन आहेत. पिकाला 'बेळे' म्हणतात, त्यातला पहिला ए आखूड. तोच लांबवला की डाळ होते. ए आखूडच ठेवला पण ळ चा ल केला की किंमत होते. 'बेळे हानी' म्हणजे पीकनुकसान, आणि नवीन माणसाच्या पहिल्या महिन्यात डाळीचं नुकसान झाल्याची पत्रं हमखास वर जातात.

प्राण्यांच्या नावांवर मी स्वतः मार खाल्लाय. कन्नडमध्ये हंदी म्हणजे डुक्कर, एवढं मला येत होतं. काडुहंदी म्हणजे रानडुक्कर, बरोबर. मुळ्ळुहंदी आलं, मुळ्ळु म्हणजे काटा, म्हणजे साळिंदर, तेही ओळखलं. एका जप्तीच्या कागदात 'चिप्पुहंदी' होतं. इंग्रजी गोषवारा करायचा होता, संध्याकाळचे सहा वाजले होते, मी डुकराचीच काहीतरी जात म्हणून रानडुक्कर लिहून मोकळा झालो. चिप्पुहंदी म्हणजे खवले मांजर, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीतला प्राणी. अधीक्षकबाईंनी लाल शाईनं नुसता गोल केला आणि कागद परत टेबलावर ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली: हुली वाघ, चिरते बिबट्या (चित्ता अजिबात नव्हे), करडी अस्वल, आने हत्ती, काडुकोण गवा, कडवे सांबर, तोळ लांडगा. ती यादी आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही आजच करा.

टंकनाचं म्हणाल तर कचेरीत नुडी हे कन्नड टंकनाचं सॉफ्टवेअर असतं. मराठी इन्स्क्रिप्टवर हात बसलेला असेल तर एक गंमत कळेल: कन्नडचा इन्स्क्रिप्ट कळफलक लावला तरी क, र, त जिथल्या तिथंच सापडतात, बोटांना नवीन काही शिकवावं लागत नाही. पण कचेरीतले बहुतेक जण नुडीच्या स्वतःच्या कळफलकावर टाइप करतात, तो ध्वनीवर चालतो आणि चार दिवसांत येतो. तोही शिकून घ्या, नाहीतर शेजारच्या संगणकावर बसलात की आंधळे.

खरी मेख फॉन्टची. नुडीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यात टाइप केलेलं पत्र छापून छान निघतं, पण तोच मजकूर पोर्टलच्या रकान्यात चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. समोरच्या पडद्यावर फॉन्ट बसवलेला असल्यानं काही वेळा तुम्हाला तो दिसतही नाही, वरच्या कचेरीला दिसतो. नियम सोपा ठेवा: जे फक्त छापायचं ते कशातही, जे कुठंही चिकटवायचं किंवा मेल करायचं ते युनिकोडमध्येच. जुनी पत्रं परिवर्तकातून काढली की जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासायचे.

आणि मराठीत आलेला अर्ज? तो परत पाठवायचा नाही. गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, हे राज्यघटनेच्या कलम ३५० मध्ये लिहिलंय. त्याला आवक क्रमांक द्या, पोच द्या, आणि चार ओळींचा कन्नड सारांश वर टाचून टेबलावर ठेवा. त्या चार ओळींना दहा मिनिटं लागतात. म्हातारा माणूस जांबोटीहून दोनदा एसटीनं येण्यापेक्षा ती दहा मिनिटं स्वस्त. माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे: तिथं कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच लिहिलंय. मराठी माणूस विचारायला आला तर त्याला हिंदीत लिहायला सांगा, लिपी तीच आहे. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, हेही आधीच सांगितलं तर पुढचा वाद टळतो.

स्वतःचे कागद

हे पटकन उरका, पण पहिल्या महिन्यातच उरका. एचआरएमएसमध्ये, म्हणजे पगार आणि सेवेच्या नोंदींच्या संगणक प्रणालीत, आपलं नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक तपासा. केजीआयडीची (राज्य सरकारच्या विमा खात्याची) विमा पॉलिसी आणि एनपीएसचा (नव्या पेन्शन योजनेचा) क्रमांक आला का पाहा. १ एप्रिल २००६ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना एनपीएस. सेवापुस्तकाची पानं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. संगणक साक्षरता परीक्षा आणि खात्याच्या परीक्षा 'पुढच्या वेळी' म्हणत ढकलू नका, बढतीच्या वेळी त्याच आडव्या येतात. बाहेरच्या एजन्सीमार्फत डेटा ऑपरेटर म्हणून लागला असाल तर पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघा.

एक अर्ज, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पीकनुकसानीचा अर्ज हा या कचेरीचा कणा. दिवाळीच्या आसपास भात कापणीला येतं, ऊस उभा असतो आणि खिडकीवर रांग लागते. भरपाईची नोंद आता ई-परिहार प्रणालीवर होते. कन्नडमध्ये परिहार म्हणजेच भरपाई.

माणूस आला की आधी त्याला बसवा. मग विचारा: कधी, कुठं, कुठला प्राणी, कुठलं पीक, किती गुंठे. 'रात्री' पुरत नाही, तारीख लागते, आणि मध्यरात्रीनंतरची घटना असेल तर कुठली तारीख लिहायची ते तिथंच ठरवून घ्या. अर्जात एक, महजरमध्ये दुसरी तारीख आली की फाईल परत येते. अशा परत आलेल्या फायली मी मोजायच्या सोडून दिल्यात.

उतारा घ्या. कर्नाटकात सातबारा नाही, आरटीसी आहे. इथली माणसं त्याला उतारा किंवा पहाणी म्हणतात, आणि तो राज्याच्या 'भूमी' या जमीननोंदींच्या प्रणालीतून मिळतो. सर्वे नंबर हिश्शासकट लिहा, ४२ वेगळा आणि ४२/३अ वेगळा. उतारा वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, वाटणी तोंडी झालेली: दहातले चार अर्ज असेच असतात. वारसांची संमती लागेल हे पहिल्याच दिवशी सांगा. दोन महिन्यांनी सांगितलंत तर तो माणूस तुम्हाला शिव्या घालेल, आणि त्याचं चुकणार नाही.

मग नाव. मराठी नाव कन्नडमध्ये जातं, तिथून इंग्रजीत जातं, आणि आधारवर ते वेगळ्याच कुणीतरी वेगळ्याच वर्षी टाइप केलेलं असतं. ज्ञानेश्वरचे चार अवतार मी एकाच फाईलमध्ये पाहिलेत. उतारा, आधार, बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर तेव्हाच त्याला बँकेत किंवा नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) पाठवा. नाव न जुळल्यानं परत आलेली रक्कम पुन्हा सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दुसरं पीक उभं राहतं.

सीमेवरचा नेहमीचा प्रश्न: घर चंदगड तालुक्यात, जमीन बेळगाव तालुक्यात. अर्ज कुणाकडे? नुकसान जिथं झालं त्या जमिनीच्या हद्दीकडे. त्याचा आधारचा पत्ता महाराष्ट्राचा आहे म्हणून त्याला परत लावणारा सहाय्यक मी पाहिलाय. जमीन बघायची, माणसाचा पत्ता बघायचा नाही.

त्यानंतर गार्ड आणि फॉरेस्टर जागेवर जातात, महजर होतो, फोटो येतात. तुम्ही जागेवर जाणार नाही, पण फोटो कसे हवेत ते तुम्हीच सांगायचं, कारण फाईल तुमच्या टेबलावरून वर जाणार. तीन फोटो पुरतात, पण नेमके: एक लांबून, त्यात बांध किंवा विहीर अशी ओळखीची खूण; एक नुकसानीचा; एक ठशाचा जवळून, शेजारी काडेपेटी ठेवलेली. काडेपेटी कशाला? मापाला. त्याशिवाय गव्याचा खूर आणि म्हशीचा खूर यांतला फरक बेळगावात बसून कुणाला कळणार. शेतकऱ्याचं बोट चालत नाही, बोटं वेगवेगळ्या मापाची असतात.

गाय-म्हैस मारली गेली असेल तर पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि तो जनावर पुरण्याआधी. खिडकीवर कुणी "काल रात्री वाघानं गाय मारली" म्हटलं की पहिला फोन गार्डला, दुसरा पशुवैद्याला, अर्ज नंतर. आणि त्या माणसाला हळू आवाजात सांगा की जनावराला कुणी औषध-बिषध मारू देऊ नका. २०२० च्या जानेवारीत पलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात चार वाघ विषानं मेले, ते गुरं मारल्याच्या रागातूनच. गाईची भरपाई वेळेवर मिळेल असा भरवसा नसलेला माणूस काय करतो, ते तिथं दिसलं. माणूस जखमी किंवा मृत झाला असेल तर पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद लागतात, तिथं साहेबांना त्याच घटकेला कळवा.

भरपाईचे दर शासनाच्या आदेशानं बदलतात. मृत्यूच्या रकमेचे साडेसात लाखांचे पंधरा लाख झाले तेव्हा जुना आदेश भिंतीवर तसाच चिकटवलेला मी बघितलाय. भिंतीवर आदेश लावायचा असेल तर त्याखाली 'तपासल्याची तारीख' लिहा.

आकडे उलटे पडले तर

जीपीएसला एक स्वतंत्र मथळा देतोय, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच. खानापूर साधारण १५.६३ उत्तर, ७४.५१ पूर्व. रकाने दोन, आकडे दोन. उलटे भरले तर गव्यानं ऊस खाल्ला तो नॉर्वेच्या वर बर्फाळ समुद्रात. संगणक काहीही तक्रार न करता नोंद घेतो.

ही चूक निदान हास्यास्पद असल्यानं सापडते. दुसरी सापडत नाही. गार्डच्या जुन्या यंत्रावर १५ अंश ३८ मिनिटं, ७४ अंश ३० मिनिटं दिसतं. नवीन ऑपरेटर ते १५.३८ आणि ७४.३० असं टाइप करतो. मिनिटाला साठनं भागायचं असतं: ३८ भागिले ६० म्हणजे ०.६३. न भागता टाइप केलं की खानापूरचं शेत पस्तीसेक किलोमीटर सरकून कॅसलरॉकच्या घाटात, गोव्याच्या शिवेवर जाऊन पडतं. तिथंही जंगलच आहे, तिथंही गवे आहेत, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. नोंद दुसऱ्याच जिल्ह्यात जमा होते आणि वर्षअखेरीस नकाशावर खानापूरला नुकसान कमी झाल्याचं दिसतं. उपाय: जतन करण्याआधी आकडे नकाशावर टाकून एकदा बघायचे. तीस सेकंद.

कॅमेऱ्याची कार्डं

वाघांची देशभरची गणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. २०२२ च्या गणनेत कर्नाटकात ५६३ वाघ मोजले गेले, मध्य प्रदेशाखालोखाल. त्या आकड्याच्या तळाशी कुठंतरी एक ऑपरेटर जंगलातल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं वाचत बसलेला असतो. कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीनं लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर तोच वाघ की दुसरा, सांगता येत नाही. म्हणजे जोडीतल्या दोन कार्डांची सरमिसळ झाली की जंगलातली मेहनत वाया.

कार्ड हातात आलं की पाकिटावरचा ठिकाणाचा क्रमांक आणि तारीख नोंदवहीत चढवा, मगच संगणकात घाला. कॉपी करा, कट कधीच नाही. फोल्डरला ठिकाण आणि तारखेचं नाव द्या, आतल्या फोटोंची नावं जशीच्या तशी राहू द्या. कार्डावर किती, संगणकात किती, दोन्ही आकडे लिहा. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. एवढं झाल्यावरच कार्ड पुसायला परवानगी. पहिला फोटो उघडून तारीख बघा: बॅटरी बदलताना घड्याळ मागे गेलेलं असतं आणि यंत्र सांगतं की वाघ पाच वर्षांपूर्वी येऊन गेला. तारीख चुकली असेल तर फोटोत खाडाखोड नको, किती फरक आहे ते नोंदीत लिहा.

गस्तीच्या मागोव्यासाठी व्याघ्र प्रकल्पांत एम-स्ट्राइप्स हे मोबाईल ॲप वापरतात. ते नेटवर्क नसतानाही नोंद धरून ठेवतं. गार्ड "चढलं नाही साहेब" म्हणाला तर फोन हातात घेऊन ॲप काढून पुन्हा टाकायचा मोह आवरा. न चढलेली नोंद त्या फोनमध्येच असते. हेम्माडग्याहून किंवा कणकुंबीहून माणूस खाली येईपर्यंत थांबा.

कॅमेऱ्यात वाघ कमी आणि माणसंच जास्त येतात: लाकडं आणणाऱ्या बायका, देवळाला निघालेली माणसं. ते फोटो वेगळ्या फोल्डरात, कुलपात. तुमच्या आतेबहिणीच्या गावचे असतील तरी कुणाला दाखवायचे नाहीत. वाघाचा फोटोही व्हॉट्सॲपवर नाही. ग्रुपवर पडलेला फोटो संध्याकाळपर्यंत टिळकवाडीच्या चहाच्या गाड्यावर पोचतो, आणि जागा ओळखणारा कुणीतरी असतोच.

बिबट्या शहरात आला की

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, ड्रोन उडले, शिवमोग्याच्या सक्रेबैल शिबिरातून हत्ती आणले. अशा दिवसांत कचेरीतला फोन खाली ठेवता येत नाही. एक साधी वही फोनजवळ दोरीनं बांधून ठेवा. रकाने पाच: वेळ, कुणाचा फोन, नेमकी जागा, स्वतः बघितलं की ऐकलं, कुणाला कळवलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "सगळे म्हणतायत" वाले फोन गाळले की पथकाला फिरायला दोन-तीनच जागा उरतात. लोकांना खात्याचा १९२६ हा क्रमांकही सांगा. फोनवर मराठी माणसाशी मराठीत बोला. घाबरलेला माणूस दुसऱ्या भाषेत पत्ता धड सांगू शकत नाही.

पैसे, सह्या, डिसेंबर आणि मार्च

बिलं खजाने-२ या खजिन्याच्या संगणक प्रणालीवर, खरेदी सार्वजनिक खरेदी पोर्टलवर, १९९९ च्या पारदर्शकता कायद्याप्रमाणे. ते टेबलावरचा जुना माणूस शिकवेल. मी दोनच गोष्टी सांगतो. साहेबांच्या डिजिटल सहीची पेनड्राईव्हसारखी किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये कधी ठेवू नका, त्यांनी प्रेमानं दिली तरी. "तुम्हीच करून टाका री" म्हणाले की किल्ली घ्या, काम त्यांच्यासमोर करा, परत द्या. चौकशी लागली की प्रेम आठवत नाही. आणि महिन्याच्या बिलांत शिकारप्रतिबंधक छावण्यांवरच्या वॉचरांचं हजेरीपत्रक सगळ्यात वर ठेवा. ते लोक रात्री जंगलात असतात, त्यांची हजेरी उशिरा येते म्हणून पगार उशिरा होतो. हजेरी का उशिरा येते ते फोन करून आपणच विचारायचं.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आमदारांचे प्रश्न येतात, उत्तर त्याच दिवशी हवं असतं, कन्नडमध्ये, गेल्या तीन वर्षांच्या आकड्यांसह. वर्षभर वलयवार, प्राणीवार तक्ता भरत गेलात तर ते अर्ध्या तासाचं काम. नाहीतर रात्री अकरापर्यंत बसा. मार्चबद्दल काही लिहीत नाही, तो येईल तेव्हा कळेलच.

पावसाळा

खानापूरच्या पश्चिमेला पाऊस कसा पडतो ते आमगाव-कणकुंबीला विचारा. वीज जाते, नेट जातं, यूपीएसची बॅटरी दमलेली असते. जूनच्या आधी बॅटरी बदलून घ्या, कोरे छापील अर्ज शंभर काढून ठेवा, हातानं लिहायची आवक वही तयार ठेवा. वीज आल्यावर वहीतल्या नोंदी त्याच क्रमानं चढवा. जंगलातून येणारी कार्डं दुधाच्या पिशवीत गुंडाळून यायला लागली की समजायचं, मृग लागला. ओलं कार्ड लगेच यंत्रात घालू नका, तांदळाच्या डब्यात रात्रभर ठेवलेलं मी तरी कधी बिघडलेलं पाहिलं नाही.

ऊसवाला तो माणूस काही आठवड्यांनी परत येतो. या खेपेला हातात मोबाईल नसतो, पासबुक असतं, आणि कुठली ओळ बघायची ते त्याला कळत नसतं. ती ओळ शोधून द्या, त्या पानाची झेरॉक्स घ्या, कडतात शेवटच्या पानाला लावा, पानावर क्रमांक टाका. मग टिप्पणीच्या खाली कन्नडमध्ये 'मुक्ताय', म्हणजे समाप्त, असं लिहा, तारीख घाला आणि सहीला पाठवा.